एक पदर करडा, एक रंगाचा

चौदा महिने टेबलावर आडवं पडलेलं ते कापड त्या रविवारी पहिल्यांदा भिंतीवर उभं राहिलं, आणि आपण काय करून ठेवलंय हे तान घराण्याच्या दोन्ही सुनांना नणंदेच्या तोंडावरून कळलं.

वेनपेइ चेंगदूहून आली होती. थोरल्या भावाच्या घराचे चार जिने चढून आल्यामुळे ती तशीही बोलण्याच्या स्थितीत नव्हती. तिनं भिंतीकडे पाहिलं. हातातला मूनकेकचा, शरदातल्या सणाच्या मिठाईचा, डबा हळूच खाली ठेवला, चपला काढल्या आणि स्वतःच्याही नकळत मान किंचित खाली घातली.

"कसं वाटतंय?" गुइलाननं, म्हणजे थोरलीनं, विचारलं.

"छान आहे." अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला 'छान' हा शब्द किती कामाचा असतो ते पक्कं माहीत असतं. "वहिनी, समोर फक्त उदबत्ती आणि तीन संत्री ठेवायची राहिलीत."

कोणी हसलं नाही. कारण तोवर सगळ्यांनाच ते दिसलं होतं. हातभर रुंद, त्याहून उंच, काळा-पांढरा, अर्धवट भरलेला चेहरा. मागे करडी भिंत. शांत, थेट बघणारे डोळे. अशी तसबीर नेइजियांगमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि तसबिरीतलं माणूस घरात नसतं.

तसबिरीतलं माणूस या घटकेला नदीकाठच्या चहाच्या ठेल्यावर माजाँग खेळत होतं. बावीस दिवसांनी तान आजींचा ऐंशीवा वाढदिवस होता. खरं म्हणजे एकोणऐंशीच पुरी होत होती, पण भरलेल्या दशकाचा सोहळा करणं इकडे अशुभ मानतात, नवावरच उरकून घेतात. अशुभाची एवढी काळजी घेणाऱ्या घरानं सासूबाईंना भेट म्हणून त्यांचीच श्राद्धाची तसबीर फुलीच्या टाक्यात भरायला घेतली होती, आणि तीही मन लावून.

चूक कोणाची म्हणावी, तर फोटोची. विशीतल्या तान आजींचा एकच फोटो घरात होता, त्रेपन्न सालचा, काळा-पांढरा. गुइलाननं तो दुकानात दिला. दुकानानं यंत्रातून काढून फुल्यांचा तक्ता, कापड आणि दोऱ्यांच्या लड्या दिल्या. लड्या सव्वीस, आणि सव्वीसच्या सव्वीस करड्या. 'एकाही रंगाचा घोळ नाही,' असं गुइलान तेव्हा कौतुकानं म्हणाली होती. पुढचे चौदा महिने नाक कापडाला लावून एकेक फुली मोजणाऱ्या माणसाला चेहरा दिसत नाही, फुल्या दिसतात.

"लाल चौकट लावली तर?" देशन म्हणाला. तो थोरला मुलगा, गुइलानचा नवरा, साखर कारखान्यातून निवृत्त.

"लाल चौकट लावली तर लग्न लावून मग गेल्यासारखी दिसेल," वेनपेइ म्हणाली. "दादा, तू नको बोलूस."

"मी सुचवलं फक्त."

गुइलान खुर्चीवर बसली. तिच्या बसण्यानंच सगळ्यांना कळलं की प्रकरण गंभीर आहे, कारण ती घरात सहसा बसत नसे. कारखान्याच्या भोंग्यावर बावीस वर्षं तिनं घोषणा केल्या होत्या. पाळी बदलली, बॉयलर बंद राहील, अमक्याची सायकल तमक्यानं नेली ती परत आणावी. सवय जात नाही. समारंभाला हॉटेलात चौदा टेबलं सांगितली होती, आणि चौदाही टेबलांवरच्या प्रत्येकाला तिनं स्वतः सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी एक पडदा उघडणार आहे आणि त्यामागे जे असेल ते या शहरात कोणी पाहिलेलं नाही.

पण चौदा टेबलांची लाज ही वरवरची. आतली गोष्ट वेगळी होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. सत्तावीस वर्षांत थोरल्या सुनेनं सासूला दिलेली एकही वस्तू त्या घरात टिकलेली नव्हती. लोकरीचा स्वेटर शेजारणीकडे गेला. पाय शेकायचं यंत्र वॉचमनकडे गेलं. जिनसेंगच्या औषधी मुळांची पेटी डॉक्टरकडे गेली, आणि तो डॉक्टर जनावरांचा होता. 'छान आहे हो, कशाला आणलंस,' असं म्हणून सासूबाई वस्तू घ्यायच्या, आणि महिन्याभरात ती दुसऱ्याच्या अंगावर दिसायची. जेडची बांगडी तर धाकट्या जावेला लग्नात मिळाली. छिउयेन ती गेली एकोणीस वर्षं हातातून काढत नव्हती. गुइलाननं त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही, यावरून तिला किती लागलं होतं ते कळावं.

स्वतःच्या हातानं भरलेली आईंचीच छबी, ही तरी कुठे जाणार? शेजारीण काय करणार ती घेऊन? एवढा विचार करून गुइलाननं सुई उचलली होती.

"उसवून टाकू," ती म्हणाली. "सांगू, पडदा अडकला."

वेनपेइ मात्र भिंतीजवळ गेली होती. वह्या तपासायची सवय. चूक शोधल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिनं चष्मा वर सरकवला, खाली घेतला आणि मागे आली.

"हा कान कोणी केलाय?"

छिउयेन आतापर्यंत दाराशी उभी होती. ती आणखी थोडी दाराबाहेर गेली.

"डावा कान," वेनपेइ म्हणाली. "आणि त्याच्या खालचा गालाचा हा तुकडा. बाकी सगळं गेलंय, पण कान जिवंत आहे."

 तीन महिने छिउयेननं त्या कानावर टाचण्यांची उशी ठेवून दिवस काढले होते. ती मुरांब्याच्या दुकानात कामाला, साखरेत मुरवलेली फळं विकते. गोड बोलून वेळ मारून नेणं हा तिचा धंदा. पण नणंद समोर असली की तिचा गोडवा आटतो.

"वहिनी, मी सांगणारच होते. चौदा नंबर संपला होता."

"चौदा नंबर कसा संपेल? मोजून दिलाय त्यांनी."

"होड्यांच्या सणाला. पानांत भाताचे त्रिकोण बांधायला घेतले आणि ऐन वेळी सुतळी सापडेना. पानं सुटायला लागली. हाताशी ती लडी होती."

देशननं नकळत पोटावरून हात फिरवला.

"आईंचा गाल तू भाताला बांधलास," गुइलान म्हणाली.

"सुती होता, वहिनी. चार तास उकळला, तरी रंग गेला नाही. तुम्हीच म्हणालात भात छान झालाय."

"मी सात खाल्ले."

"आठ," देशन म्हणाला.

"मग पुढे काय केलंस?" वेनपेइनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीनं अचानक बरोबर उत्तर दिल्यावर बदलतो तसा.

"पुढे काय. करड्याचा एक पदर जरा गडद होता, तो घेतला. तो उजळ करायला माझ्या नऊ माशांच्या भरतकामातला जर्दाळू रंगाचा एक पदर घेतला. दोन्ही एकाच सुईत ओवले. लांबून कोणाला कळणार नाही म्हटलं."

"लांबूनच कळतंय," वेनपेइ म्हणाली. "जवळून नाही."

मग मात्र ती नेहमीच्या मार्गावर आली. चेंगदूत तिच्या ओळखीचा एक चित्रकार होता, तो आठ दिवसांत तैलरंगात करून देतो, सोनेरी चौकट, काही प्रश्न नाही. हे कापड गुंडाळून ठेवा.

इथे एक चमत्कार झाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही जावा एकाच वेळी एकाच बाजूला बोलल्या.

"गुंडाळून ठेवा म्हणजे?" गुइलान म्हणाली.

"चौदा महिने, ताई," छिउयेन म्हणाली. "बोटं दाखवू का?"

"चित्रकार आईंना ओळखतो का?"

"फोटोवरून करतो, वहिनी."

"आम्हीही फोटोवरूनच केलंय. बघितलंस ना काय झालं."

वेनपेइला दोघींचा हा एकोपा नवा होता आणि तिला तो फारसा आवडला नाही. आजवर एकीची तक्रार ऐकताना दुसरीकडे बघून मान हलवणं हे तिचं या घरातलं मुख्य काम. ते एकदम गेलं. काही सुचेना म्हणून तिनं पुन्हा त्या कानाकडे पाहिलं, आणि तिला कापसाचा वास आला. खरं तर जवसाच्या तेलाचा.

"बाबा असंच करायचे," ती म्हणाली.

तिचे वडील बोयान नदीकाठच्या फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग लावायचे. कोणाच्या गालांना, कोणाच्या ओठांना, बाळाच्या टोपीला. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, जवसाच्या तेलातल्या रंगाचं बोट लावायचं, आणि लावलेलं जवळजवळ सगळं पुसून टाकायचं. लहानपणी ती टेबलाला हनुवटी टेकून बघायची.

"मी विचारायचे, लावता कशाला आणि पुसता कशाला. ते म्हणायचे, खालचा करडा झाकायचा नाही. करडा म्हणजे हाडं. रंग म्हणजे नुसतं रक्त. हाडं झाकली की माणूस मिठाईसारखा दिसतो."

"मिठाईत वाईट काय आहे," छिउयेन म्हणाली.

पण गुइलान उठली होती. तिनं शिवणाच्या डब्यातून कात्री काढली, उजव्या गालाजवळ कापडाला टोक लावलं आणि भोंग्यावरच्या आवाजात म्हणाली, "करडा एक पदर राहील. एक जाईल. उद्यापासून सकाळी आठला."

*

उसवायला तीन दिवस लागले. उजेडातला गाल, कपाळाचा अर्धा भाग, नाक, ओठ, हनुवटी. केस काळेच होते ते राहिले. मागची भिंत राहिली. नेइजियांगमध्ये नदीवरून धुकं येतं, करडी भिंत कोणाला खटकत नाही. जाकीट अजून भरायचंच होतं.

मग प्रयोग सुरू झाले. देशनच्या मते घरातला सगळ्यात आनंदाचा आठवडा हाच, फक्त जेवण वेळेवर नव्हतं. उरलेल्या कापडाचे तळहाताएवढे तुकडे कापले. प्रत्येकावर करड्याचा एक पदर आणि दुसऱ्या एखाद्या रंगाचा एक पदर एका सुईत घेऊन फुल्या घालायच्या, तुकडा चेहऱ्यावर गालाच्या जागी टाचायचा आणि देशनला बोलवायचं. देशनला चष्म्याशिवाय चार पावलांपलीकडचं नीट दिसत नाही. आयुष्यभर ज्यावरून बोलणी खाल्ली तो दोष एकाएकी कामाचा ठरला. त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करायचं, चष्मा काढून घ्यायचा.

"हं, कोण आहे?"

"आई आहे. कावीळ झालीये."

करडा आणि पिवळट बाद.

"आता?"

"ऑपेरातली नटी."

करडा आणि गुलाबी बाद.

"आता?"

"ही पिऊन आलीये. आई नाही ही. हिची कोणी बहीण असेल."

करडा आणि विटकरी बाद. वेनपेइनं सुट्टी वाढवून घेतली आणि सगळ्या तुकड्यांना क्रमांक देऊन वहीत टाचून ठेवले, प्रत्येकापुढे शेरा. छिउयेनला क्रमांक कळत नव्हते. ती रंग फळांवरून ओळखायची.

"वहिनी, हा नको. ही संत्र्याची साल पहिल्या दिवसाची, कच्ची. आपल्याला तिसऱ्या दिवसाची पाहिजे. साखर आत शिरलीये पण बाहेर अजून सालच आहे, तेव्हाची."

"नंबर सांग."

"नंबर नाही सांगता येत. डबा द्या इकडे."

तिनं डब्यातून लडी काढली. फिकट, मातकट, थोडी तांबूस. एकटी बघितली तर कोणी विकत घेणार नाही अशी. करड्या अकराबरोबर सुईत ओवली. तुकडा टाचला.

देशन दाराशी उभा राहिला. 

"अहो, कोण आहे?"

"आई आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला चष्मा द्या जरा."

चष्मा लावून जवळ गेल्यावर त्याला नुसते ठिपके दिसले, एक करडा, एक साल, एक करडा, एक साल. तो पुन्हा मागे गेला. पुन्हा आई. असं तो चार वेळा पुढे-मागे झाला, आणि त्या दिवशी दुपारी त्याला कोणी काही काम सांगितलं नाही.

गुइलानचा शोध त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. दोन पदर सुईत सरळ राहिले पाहिजेत, पिळले की गालावर देवी आल्यासारखं दिसतं, म्हणून ती प्रत्येक टाक्याला सुईच्या टोकानं पदर शेजारी शेजारी निजवत होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की रंगाचा पदर वरच्या अंगाला निजवला तर उजेड दिसतो, करडा वर आला तर सावली. दोरे तेच. नवीन लडी नको, काही नको. कोणाला वर झोपवायचं एवढाच प्रश्न.

"नाकाची ही बाजू उजेडात, ही सावलीत," तिनं दाखवलं. "एकाच सुईतून."

"वहिनी," वेनपेइ म्हणाली, "हे बाबांनाही जमलं नसतं."

 गुइलान खिडकीशी जाऊन दोरा ओवू लागली. ओवलेला दोरा तिनं काढला आणि पुन्हा ओवला.

छिउयेनची बांगडी चौकटीच्या लाकडाला सारखी टकटक लागत होती. तिनं ती काढली आणि दोऱ्याच्या डब्यात ठेवली. गुइलानचं लक्ष गेलं. एकोणीस वर्षांनी ती बांगडी पहिल्यांदा तिच्या हाताच्या अंतरावर, कोणाच्याही मनगटात नसलेली, समोर पडली होती.

"घाल ती," गुइलान म्हणाली. "इथे हरवेल. चौकटीला फडकं गुंडाळू."

*

जाकिटाचा रंग कोणालाच माहीत नव्हता. म्हणजे दोघांना माहीत होता, ही खरी अडचण.

"हिरवं," वेनपेइ म्हणाली. "बाबांनी रंगवलेला मोठा फोटो स्टुडिओच्या काचेत होता. आठ वर्षांची होईपर्यंत रोज बघितलाय. पुढे वरून हुकूम आला आणि ती काच रिकामी करावी लागली तेव्हा गेला. जाकीट हिरवं होतं."

"मला कसं आठवत नाही?" देशन म्हणाला.

"तू बाहेर गोट्या खेळायचास."

"आईलाच विचारून येतो. सहज."

देशननं आयुष्यात कुठलीही गोष्ट सहज विचारलेली नव्हती. दुपारी तो चहाच्या ठेल्यावर गेला, आईच्या मागे उभा राहिला, तिच्या सोंगट्या बघून एकदा खोकला, ज्यावरून समोरच्या दोघी सावध झाल्या.

"आई, तो जुना फोटो नाही का तुझा. त्यात जाकीट कुठल्या रंगाचं होतं गं?"

तान आजींनी सोंगटी टाकली. "निळं. गर्द निळं. स्टुडिओचंच होतं, फोटोपुरतं अंगावर चढवायला द्यायचे. का?"

"काही नाही. असंच मनात आलं."

"साठ वर्षांत आलं नाही ते?"

"हवा बदललीये," देशन म्हणाला आणि निघाला.

तान आजी त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. हा मुलगा खोटं बोलताना लहानपणापासून हवामानावर यायचा. सणाच्या जेवणाला दोन्ही सुनांची बोटं सुईनं चाळणी झालेली त्यांनी पाहिली होती. मुलगी आठ दिवसांसाठी आली ती पंधरा दिवस झाले हललेली नाही. आणि सगळ्यात काळजीची गोष्ट, पंधरा दिवसांत दोन्हीपैकी एकीही सून दुसरीची तक्रार घेऊन आली नव्हती. काहीतरी शिजत होतं. त्यांनी पुढची सोंगटी उचलली आणि जिंकल्या. समोरच्या दोघी देशनच्या खोकल्यावर विसंबून भलतीच सोंगटी अडवून बसल्या होत्या.

घरी रणकंदन झालं. निळं, हिरवं, निळं, हिरवं. घातलेलं माणूस स्वतः सांगतंय, देशन म्हणाला. रंगवणारा माणूस काय आंधळा होता, वेनपेइ म्हणाली. आईचं वय झालंय. तूही तेव्हा आठ वर्षांची होतीस. भाऊ-बहीण पन्नाशी ओलांडून टोपीवरून भांडावं तसं भांडत होते, आणि वाढदिवसाला सात दिवस उरले होते.

गुइलान बाहेरून आली, दोघांचं ऐकून घेतलं आणि डब्यातून दोन लड्या काढल्या.

"एक पदर निळा, एक पदर हिरवा," ती म्हणाली. "घड्या पडल्यात तिथे एक पदर करडा. आता कोणी बोलायचं नाही."

छिउयेननं पहिल्या दोन रांगा घातल्या. जवळून बघितलं तर दोन्ही रंग एकमेकांशी भांडत होते. चार पावलांवरून ते काहीतरी तिसरंच झालं. बदकाच्या मानेवर ऊन पडलं की दिसतं तसं. देशननं चष्मा काढून पाहिलं आणि बराच वेळ परत लावला नाही.

*

वाढदिवसाच्या सकाळी सगळे आजींच्या तळमजल्यावरच्या घरात जमले. हॉटेलात बाराला पोचायचं होतं. बाहेर देशननं भाड्याची गाडी उभी केली होती, पडद्यासाठी लाल सॅटिन, दांडी, दोऱ्या सगळं आत. गुइलाननं मात्र ठरवलं होतं की आईंनी आधी घरी एकदा बघावं. चौदा टेबलांसमोर जे व्हायचं ते होवो, पहिला तडाखा घरात बसलेला बरा.

आजींसमोर दीर्घायुष्याच्या शेवयांचा वाडगा होता. आख्ख्या वाडग्यात एकच शेवई, लांबच लांब. ती मध्ये तोडायची नाही. तोडली की आयुष्य तिथे तुटतं. त्यामुळे टोक तोंडात घेतलं की संपेपर्यंत ओढत राहायचं, मध्ये बोलता येत नाही.

गुइलानला घाई झाली. आजींनी टोक तोंडात घेतलं आणि तिनं भिंतीवरच्या तसबिरीवरचं फडकं काढलं.

आजींनी वर बघितलं.

तोंडात शेवई. डोळे तसबिरीवर. शेवई येत राहिली.  आजी बघत होत्या आणि ओढत होत्या. गुइलान सासूच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत होती, पण शेवई ओढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर फक्त शेवई ओढणंच दिसतं. छिउयेननं बांगडी घट्ट धरली होती. देशन घाबरून हवेबद्दल काहीतरी बोलणार होता, वेनपेइनं त्याच्या पायावर पाय ठेवला. वाडगा रिकामा होत आला. शेवटचं टोक रश्शाचा एक थेंब उडवून आत गेलं.

आजींनी तोंड पुसलं. उठल्या. तसबिरीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग एकेक पाऊल मागे आल्या. चौथ्या पावलावर थांबल्या.

"कान कोणी केला?"

"मी," छिउयेन म्हणाली. तिचा आवाज मुरांब्याच्या दुकानातला राहिला नव्हता.

"वाकडा झालाय. माझा आहेच वाकडा." मग थोडं थांबून, "जाकीट कोणी केलं?"

"आई, आमचं जमेना," गुइलान म्हणाली. "हे म्हणाले निळं, वेनपेइ म्हणाली हिरवं. मग मीच म्हटलं—"

"निळंच होतं," आजी म्हणाल्या. "त्यानं हिरवं रंगवलं."

वेनपेइनं देशनकडे पाहिलं, देशननं वेनपेइकडे.

"निळा संपला होता त्याचा. पुढाऱ्यांच्या फोटोंतल्या कोटांत गेला सगळा. मी फोटो आणायला गेले तर जाकीट हिरवं. मी म्हटलं, मी काय बेडूक आहे? परत करा. तो म्हणाला, निळा आला की करून देतो, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात निळा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, निळा मागवलाय का तरी? तो म्हणाला, नाही." आजी थोडं हसल्या. "शेवटपर्यंत केलं नाही निळं. मी म्हणायचे निळं होतं, तो म्हणायचा हिरवं शोभतं. त्रेचाळीस वर्षं."

त्या परत एक पाऊल पुढे गेल्या, परत मागे आल्या.

"आता दोन्ही आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. देशन पुढे झाला. "चला, उतरवून घेऊ. पडदा तिथे जाऊन लावायचाय."

"काय उतरवून घेऊ?"

"हॉटेलात न्यायचंय ना, आई. सगळे वाट बघतायत."

"तिथे नाही न्यायचं. टेबलावर उकळत्या हॉटपॉटची वाफ असते. ते तुझे मामेभाऊ मिरचीच्या तेलाचे हात लावतात सगळ्याला. ही इथेच राहील."

"आई," गुइलान म्हणाली, "चौदा टेबलांना सांगितलंय मी."

"मला विचारून सांगितलंस?"

गुइलान सरळ झाली. सत्तावीस वर्षांत जे बोलली नव्हती ते एकदाच, भोंग्यावरून, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं बोलायचं तिनं ठरवलं. स्वेटरपासून सुरुवात करायची होती. स्वेटर, यंत्र, जिनसेंग, बांगडी. सगळं गेलं ना या दारातून बाहेर? आणि आज मी एक गोष्ट बाहेर न्यायची म्हणते तर—

आणि तिथे ती थांबली.

तिनं खोलीत सभोवार पाहिलं. सासऱ्यांच्या रंगांचा पत्र्याचा डबा कपाटावर होता. तो कोणी मागितला तरी आजी देत नसत, संग्रहालयाचा माणूस येऊन गेला तरी नाही. आवडलं नाही ते या घरातून बाहेर जायचं. आवडलं ते कधीच गेलं नाही.

"बरं," गुइलान म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि देशनला ते इतकं अनपेक्षित होतं की त्यानं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"आणि खिळा खाली घे," आजी म्हणाल्या. "मी काय आकाशात बघू? बसल्या जागेवरून दिसली पाहिजे."

हॉटेलात लाल सॅटिनचा पडदा उघडला. मागे भिंत होती. गुइलाननं माईक घेतला आणि बावीस वर्षांच्या अनुभवानं, एकही शब्द न अडखळता, जाहीर केलं की वस्तू सुखरूप आहे, परंतु मालकीण ती घराबाहेर काढायला तयार नाही, तरी पाहुण्यांनी गैरसोयीबद्दल क्षमा करावी. तिला इतकी आनंदानं घोषणा करताना जुन्या कामगारांनी कधी ऐकलं नव्हतं. बोनस जाहीर झाला त्या वर्षीही नाही.

मग पाहुणे घरी येऊ लागले. पहिल्या आठवड्यात तीन टेबलं, दुसऱ्यात पाच. गुइलान चहा करायची, छिउयेन संत्र्याची साल ठेवायची, तिसऱ्या दिवसाची. कोणी नवं माणूस आत आलं, तसबीर बघितली आणि गडबडून मान खाली घालायला लागलं, की खालच्या खुर्चीतून तसबिरीतलं माणूस स्वतः ओरडायचं:

"नमस्कार नको. चार पावलं मागं व्हा आणि बघा. थोरलीनं केलंय."